इंजिनात शिजलेला चिन्नोर

जबाब देणाऱ्याचे नाव तुलाराम गोमाजी मारबते, वय ४७ वर्षे, धंदा जेट बोट चालवणे, पूर्वीचा धंदा मासेमारी, राहणार मौजा चिचटोली, तालुका व जिल्हा भंडारा.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारले तेवढे आणि थोडे न विचारलेलेही, सांगतो की, मी वरील गावी बायको, म्हातारी आई व दोन मुलींसह राहतो. धरणाचे पाणी मागे सरकत आमच्या गावाच्या पायथ्याशी येऊन टेकले तेव्हापासून वैनगंगेचा इकडे तलावच झाला आहे. मासे खोल गेले. म्हणून आमच्या मच्छीमार संस्थेने फिरायला येणाऱ्या लोकांसाठी एक जेट बोट घेतली. ती मी चालवतो. चालवण्याचा परवाना माझ्याकडे आहे व तो मी सोबत आणला आहे, तो कशासाठी आणला ते शेवटी सांगतो.

जबाब लिहिणाऱ्या हवालदार मॅडमनी मला सुरुवातीलाच सांगितले की, फिर्यादी पाण्यात कसे पडले तेवढेच बोला, इंजिनाचे पुराण नको. त्यावर माझे म्हणणे असे की, इंजिन गरम झाले नसते तर बोट थांबली नसती, बोट थांबली नसती तर फिर्यादीचे तोंड सुटले नसते, आणि तोंड सुटले नसते तर ते कोरडे घरी गेले असते. म्हणून इंजिन आधी, फिर्यादी मागून. फिर्यादी म्हणजे घनश्याम सेठ, राहणार लाखनी, पूर्ण नाव त्यांच्या फिर्यादीत आहेच. त्यांना मी यापुढे मामा म्हणतो, कारण त्या दिवशी सगळे तेच म्हणत होते. मनात जे म्हणत होतो ते लिहिता येणार नाही असे मॅडम म्हणाल्या.

आमच्या गावच्या ताराचंदची मुलगी रेणू हिचे लग्न मागच्या रविवारी आमच्या गावी झाले. नवरदेव अमर हा लाखनीकडचा. त्याचे वडील लहानपणीच वारले व मामांनी त्याला वाढवले. ही गोष्ट मला माहीत आहे कारण मामांनी ती मंडपात माइकवरून सांगितली, आणि लोक जेवत असल्याने नीट ऐकू गेली नसेल म्हणून पुन्हा सांगितली. मामांचे हायवेवर ट्रकच्या टायरचे दुकान आहे. टायर इंजिनाच्या जवळच असतो, त्यामुळे इंजिनातलेही आपल्याला सगळे कळते असा त्यांचा समज आहे.

नवरी बोटीने न्यायची ही कल्पना मामांची होती. आजवर आख्ख्या लाखनी तालुक्यात कोणाची नवरी जेट बोटीतून आली नाही, ती आपल्या घरी यावी, असे त्यांना वाटत होते. बाकीची वरात बसमध्ये बसून पुलावरून गेली. बोटीत मी धरून सहा माणसे होतो. नवरानवरी, मामा, नवरदेवाची बहीण टीना, आणि पाठराखीण म्हणून रेणूची आत्या बेबीबाई. टीनाच्या हातात पूर्ण वेळ मोबाइल होता, पण तिच्या व्हिडिओत टीनाशिवाय काही नाही, हे आपण तपासले आहेच.

आता इंजिनाचे सांगतो. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखाली एक जाळी असते, तिथून बोट पाणी ओढते आणि मागून जोराने फेकते, त्या फेकीवर ती पळते. त्याच ओढलेल्या पाण्यातले थोडे पाणी एका नळीने इंजिनाकडे जाते. आधी गाळणी, मग कूलर, आणि कूलर थंड करून ते पाणी उजव्या कुशीतल्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडते. धार दिसली म्हणजे इंजिन ठीक. या धारेला आम्ही चालवणारे लोक बोटीची लघवी म्हणतो. मॅडमनी हा शब्द लिहू का विचारले. लिहा म्हणालो, शिकवायला आलेल्या माणसाने मला हाच शब्द शिकवला होता.

निघताना धार मी पाहिली होती. चांगली होती. इथे फिर्यादीत जे लिहिले आहे की चालकाने काहीच न तपासता बोट सोडली, ते खोटे आहे. ज्या माणसाला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे बसताना विचारावे लागले, त्याने हे लिहू नये.

आमच्या गावात एक रीत आहे. मुलगी नदीपलीकडे दिली असेल तर गावातल्या बायका घाटावर येतात आणि प्रत्येक घरची एक ओंजळ हळदीचे तांदूळ नदीत सोडतात. नदीला सांगायचे असते की पोरगी आमची होय, तिले जाऊ दे आन येऊ दे. डोंग्यातून नवऱ्या जायच्या तेव्हापासूनचे हे चालत आले आहे. एरवी लोक कणी टाकतात, नदी काही निवडून खात नाही. पण ताराचंदला एकच पोरगी. त्याने यंदाच्या नव्या चिन्नोर तांदळाचे पोते घाटावर आणून सोडले आणि म्हणाला, घ्या, जिले जेवढे वाटते तेवढे. बायकांनी काही कमी घेतले नाही. सुपाने घेतले.

डोंग्याले तोंड नसते. या बोटीले पोटाखाली तोंड आहे. बायका तांदूळ बोटीच्या मागच्या अंगाला, नवरी बसली होती तिथेच, टाकत होत्या. मी इंजिन बंद करणार होतो. मामा म्हणाले, बंद नको करू, व्हिडिओत आवाज आन फेस आला पाहिजे. म्हणून इंजिन चालू राहिले आणि बोट उभ्या जागी पाणी ओढत राहिली. ही गोष्ट माझ्या तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होती. आली नाही, कारण मीही एक ओंजळ टाकली. रेणू माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली, मले काका म्हणते, अन् पोरगी जाते तेव्हा माणूस गाळणीचा विचार करत नाही.

आम्ही निघालो. पहिली काही मिनिटे बोट चांगली पळाली. टीनाच्या ओढणीने मामांचे तोंड झाकले गेले, तो प्रवासातला सगळ्यात चांगला वेळ होता. पात्राच्या मधोमध पोचलो आणि भोंगा वाजला. इंजिनाच्या गरमीच्या काट्याकडे पाहिले तर काटा लालमध्ये. मी लगेच वेग कमी केला व कुशीकडे वाकून पाहिले. धार करंगळीएवढी होती, ती बघता बघता थेंबावर आली आणि थांबली. मी इंजिन बंद केले. गरम झालेले इंजिन ओढत नेले तर त्याचे डोके फुटते, म्हणजे हेड जाते, आणि मग ते संस्थेला परवडत नाही.

मामांनी विचारले की बोट काहून थांबली. इंजिन गरम झाले असे मी सांगितले. ते हसले आणि म्हणाले की चारही बाजूले इतलं पाणी असून इंजिन गरम होते हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले. मी म्हणालो, मामाजी, नदीत बसल्यानं तहान भागत नाही, पाणी प्यावं लागते. यावर बेबीबाई हसली. मला वाटते मामांचा राग तिथूनच सुरू झाला असावा.

मी इंजिनावरचे झाकण उघडले. वाफ आली. मामा मागून येऊन उभे राहिले आणि म्हणाले की ट्रकचे असेच होते, रेडिएटरचे बुच काढून पाणी टाकले की गाडी चालू. असे बोलून त्यांनी बुचाला हात घातला. गरम इंजिनाचे बुच काढले तर आतले उकळते पाणी तोंडावर येते. मी त्यांचा हात धरला. फिर्यादीत 'चालकाने माझा उजवा हात पिरगळला' असे आहे. हात मी धरला, घट्ट धरला, आणि धरला नसता तर ही फिर्याद मामांना डाव्या हाताने लिहावी लागली असती. त्यानंतर मी सगळ्यांना सांगितले की खाली बसून राहा, कोणी उभे राहू नका. हे पहिल्यांदा सांगितले.

मी संस्थेचे अध्यक्ष श्यामराव यांना फोन केला. ते लग्नाच्या पंगतीत होते. मासेमारीचे डोंगेवालेही पंगतीतच होते. श्यामराव म्हणाले, पाहून घे तुलाराम, नाही जमलं तर बुंदी झाल्यावर कोनाले तरी पाठवतो. मी लंगर टाकला. तिथे तळाला नुसता गाळ आहे, लंगराने धरले नाही, म्हणून तो परत वर घेतला. वारा पलीकडून होता, त्यामुळे बोट हळूहळू आमच्याच गावाकडे सरकायला लागली. मला त्यात काही वाटले नाही, वाऱ्याला सोयरीक कळत नाही. पण मामांनी ते पाहिले आणि टीनाला म्हणाले, पाह्य, नदीच वापस नेऊन राहिली.

मी पहिल्यांदा पोटाखालची जाळी पाहिली. त्यासाठी मागे एक खिडकी असते, ती उघडून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. हाताला झेंडूचा एक आख्खा हार लागला, आणि मागून एक प्लास्टिकची पन्नी. काढली. नवरदेवाने टाळ्या वाजवल्या. मलाही वाटले की सापडले. इंजिन थोडे थंड होऊ दिले व चालू केले. धार आली, आम्ही सगळे कुशीवर वाकून ती धार बघत होतो, नवरी शालूत आणि नवरदेव बाशिंगात, आणि ती पुन्हा बारीक होत बंद पडली. काटा पुन्हा वर गेला. पुन्हा बंद केले.

गाळणी मी त्याच सकाळी धुतली होती, म्हणून ती सोडून पट्टा पाहिला. पट्टा ताणलेला होता, तुटलेला नव्हता. इंजिनाच्या स्वतःच्या पाण्याची बाटली पाहिली, पाणी रेघेवर होते. तेल पाहिले, तेलात पाणी नव्हते. अमरने मोबाइलवर शोधून काहीतरी वाचून दाखवले, पण ते मोटारसायकलचे होते. पोरगा चांगला आहे, त्याला मदत करायची होती, पण दर वेळी बोलण्याआधी तो मामांकडे पाहायचा, आणि मग त्याचे बोलणे तोंडातच राहायचे.

मामा मात्र बोलत होते. आधी डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणाले. मग बोट जुनी आहे म्हणाले. मग संस्था चोर आहे म्हणाले, यावर मी काही बोललो नाही कारण अध्यक्षांबद्दल माझेही काही विचार आहेत. मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. ते अमरला म्हणाले की सकाळी हीच बोट त्यांना घेऊन आली तेव्हा ठीक होती. आता हिच्यात नवीन काय बसले आहे ते पाहा. पहिल्या पावलाले हे, तर घरात पाय ठेवल्यावर काय होईल. दुकान आहे, ट्रकवाल्यांचा धंदा आहे, पनौती घरात आणून चालत नाही. ते म्हणाले, बोट तशीही तिकडेच चालली आहे, तिले घाटावर उतरवून देऊ, नंतरचं नंतर पाहू.

हे सगळे रेणू ऐकत होती. बोट केवढी, तिथे कुजबुज कोणापासून करणार. आमच्या गावात त्याच दिवशी परत आलेल्या मुलीचे काय होते ते मॅडमना मी सांगायची गरज नाही. घाटावर बायका अजून उभ्याच होत्या. ताराचंद एका दगडावर बसला होता, तो मला बोटीतून दिसत होता. त्याला वाटत असेल की पोरगी दूर जाऊन राहिली आहे, आणि बोट जवळ येत होती.

मी दुसऱ्यांदा सांगितले की सर्वांनी खाली बसा. मामा बसले नाहीत. बेबीबाई तोंडाला पदर लावून रडत होती, ती मधेच थांबली आणि नाक वर करून म्हणाली, कोनाचा तरी भात लागून राहिला. टीना म्हणाली तिलाही वास येत आहे. मग मलाही आला. चांगला वास होता, लग्नाच्या गडबडीत मी जेवलो नव्हतो. आम्ही सगळ्यांनी काठाकडे पाहिले. पण वारा पलीकडून होता, काठावरचा वास येणार कसा. बेबीबाई वास घेत घेत इंजिनापर्यंत आली आणि म्हणाली, तुलाराम, हा चिन्नोर होय, नवा होय, आन तू याच्यात पाणी कमी टाकलं.

मी लगेच गाळणी उघडली. गाळणीचे भांडे तळापासून तोंडापर्यंत पिवळ्या तांदळांनी ठासून भरले होते. सुईला वाट नव्हती. आतली जाळी दाबाने एका बाजूने उचलली गेली होती, आणि तिथून तांदूळ पुढे गेले होते. कूलरचे तोंड चार बोल्टांवर असते. ते खोलले. आत भात होता. खरोखर शिजलेला भात, वर मोकळा, तळाला लागलेला, हळदीमुळे पिवळा. एक तर पाणी बंद, वरून इंजिनाची आच, आणि तांदूळ घाटावरून निघाल्यापासून भिजलेले. शिजायला आणखी काय लागते. बेबीबाईने एक शीत बोटाने चेपून पाहिले आणि शिजला म्हणाली.

मॅडम इथे हसल्या. तेव्हा बोटीतही सगळे हसले. रेणू हसली. मीही हसलो. बेबीबाईच्या केसांतला आकडा घेतला आणि कूलरच्या एकेक नळीतून भात खरवडून काढला. गाळणी धुतली, जाळी सरळ केली, तोंड लावले, बोल्ट आवळले. इंजिन चालू केले. धारेतून आधी शिते आली, मग पांढरे पाणी, मग स्वच्छ पाणी. काटा खाली यायला लागला.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती. बिघाड सापडला होता, त्याचे कारण सापडले होते, आणि त्या कारणात रेणूचा काही हात नव्हता. असलाच तर मामांचा होता, कारण फेस त्यांना पाहिजे होता. हे मी त्यांना सांगितले, हव जी, अगदी याच शब्दांत सांगितले. पण अडाणी माणसाला समजावता येते, अडून बसलेल्याला येत नाही. मामा म्हणाले की हे तर अजून वाईट. नदीला दिलेले नदीने घेतले नाही, उलटे पोटात भरून दिले. याचा अर्थ नदीने नाही म्हटले. असे म्हणत ते मागच्या बाजूला उभे राहिले, इंजिनाच्या झाकणाला टेकून, पाठ पाण्याकडे आणि तोंड आमच्याकडे करून, आणि मला म्हणाले, बोट घाटाकडे घे.

मी तिसऱ्यांदा सांगितले की खाली बसा. मी घाटाकडे वळवली नाही.

रेणू मामांच्या सगळ्यात जवळ बसली होती. तिने अमरकडे पाहिले आणि त्याला विचारले, "मामाजीले नाही, तुमाले विचारून राहिली मी. मले वापस सोडाचं का?"

अमरने मामांकडे पाहिले. मग खाली पाहिले. त्याच्या हातात ती लग्नाची कट्यार होती, तिच्यावरचे लिंबू तो गोल गोल फिरवत राहिला. मला वाटले, गेली पोरगी. ज्या माणसाने खाऊपिऊ घातले, शिकवले, दुकानात बसवले, त्याच्यासमोर तोंड उघडणे सोपे नसते, हे मी समजू शकतो. पण समजून घ्यायला त्या वेळी माझ्याकडे जागा नव्हती, मला नुसता राग आला होता. आणि मग तो बोलला. फार काही नाही. तो म्हणाला, "मामा, तुमी खाली बसा."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकले असावे. त्यांनी त्याला विचारले, काय म्हणाला? अमरने पुन्हा तेच सांगितले, आणि वरून म्हणाला की बोट पलीकडे जाईल, आणि ती आपल्या घरी जाईल. मामा लाल झाले. तुझ्या बापाच्या मागे मी तुले, असे त्यांनी सुरू केले, एक हात वर केला, तो कोणावर उचलला होता ते मला ठाऊक नाही, पण समोर रेणू होती.

यानंतर काय झाले, हे मला ठाण्यात मुद्दाम विचारण्यात आले. फिर्यादीत असे आहे की नवरीने दोन्ही हातांनी ढकलून मामांना जिवे मारण्याच्या हेतूने पाण्यात पाडले, आणि पुरावा म्हणून मामांचे जरीचे उपरणे तिच्या हातात सापडले. त्यावर मी सांगतो की, उपरणे तिच्या हातात होते हे खरे आहे. मामा मागे जाऊ लागले तेव्हा तिने ते धरले. धरले, ओढले. मामा वजनदार, उपरणे रेशमी. उपरणे राहिले, मामा गेले. ढकलणाऱ्याच्या हातात उपरणे राहत नाही, धरणाऱ्याच्या राहते, हे मॅडमनी उठून कोणालाही ढकलून पाहावे. इथे मॅडमनी बाहेर बसलेल्या शिपायाकडे पाहिले, पण ढकलले नाही.

मामा पडल्याबरोबर मी इंजिन बंद केले, कारण बोटीचे तोंड खाली असते आणि तिथे माणूस नको. बोटीच्या कडेला बांधलेला टायर सोडून त्यांच्याकडे फेकला. मामा बुडालो बुडालो असे ओरडत हातपाय मारत होते. तेव्हाही रेणूच वाकून म्हणाली की मामाजी, पाय टेकवा. त्यांनी टेकवले. पाणी छातीएवढे होते. मी व अमरने त्यांना वर घेतले. अंगावर खरचटलेसुद्धा नव्हते, थंडी मात्र वाजत होती. टीनाने आपली शाल दिली. पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत मामा बसून होते. तिथे अमरची आई आरती घेऊन उभी होती. रेणू उतरली. सासरी गेली. आज या वेळी ती आणि अमर ठाण्याबाहेरच्या बाकावर एकाच डब्यातले खाऊन राहिले आहेत, ते मी आत येताना पाहिले.

तर मग मामा पडले कसे, असे मला विचारले. त्यावर मी सांगतो की, इंजिनाची दुरुस्ती झाल्यावर ते पूर्ण वेगाने चालवून पाहावे लागते. नुसत्या उभ्या इंजिनावर काही कळत नाही. तशी चाचणी घेणे माझे काम होते. मामांचा हात वर गेला तेव्हा मी ती घेतली. थ्रॉटल पूर्ण दिला. बोट पुढे गेली. जे बसले होते ते बोटीबरोबर गेले.

चाचणीसाठी तीच जागा काहून निवडली, हेही विचारले. आम्ही वाऱ्याने सरकत आलो होतो ती जागा पाण्याखाली गेलेली माझ्या बापाची बांधी, म्हणजे धानाचे शेत होय. धानाचे पऱ्हे लावताना मी तिथे वाकून चाललो आहे. बांध कुठे आहे, खोलगट कुठे आहे, हे मला आजही पायांना ठाऊक आहे. मधल्या पात्रात मामा आणखी कितीही बोलले असते तरी मी थ्रॉटलला हात लावला नसता. तिथे आल्यावर लावला. छातीएवढ्या पाण्यात माणूस मरत नाही, त्याचा आवाज तेवढा बसतो.

रेणूने कोणाला ढकलले नाही. अमरनेही नाही, जरी तो बाहेर सर्वांना सांगत आहे की मीच ढकलले. तो खोटे बोलतो आहे, आणि मला त्याचे चांगले वाटले. परवाना टेबलावर ठेवला आहे. संस्थेने तो जमा करावा, की आपण, ते आपसात ठरवावे.

वरील जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'चालकाकडून चुकून थ्रॉटल दाबला गेला' असे वाक्य होते. मी असे बोललो नव्हतो. मॅडम म्हणाल्या की तुमच्याच भल्याचे आहे, राहू द्या, प्रकरण इथेच मिटेल. मी नाही जी म्हणालो. चुकून झाले म्हटले की मामा उद्या लाखनीत सांगतील, पाहा, इंजिन पुन्हा बिघडले, पोरीचाच पायगुण. मग ती जन्मभर त्या घरात ते ऐकत बसेल. 'चुकून' हा शब्द खोडून तिथे 'मुद्दाम' असे लिहिले आहे व त्या खोडाखोडीवर माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) तुलाराम गोमाजी मारबते